तारेवरचा कापूस

“काया शे. पेट्रोल जास्ती पी ऱ्हायनी.”

रघुभाऊंनी प्लग उन्हात धरला होता. त्याच्या टोकावर कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी होती, बोट लावलं तर बोटाला येणारी. आबांनी तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, अंगठ्यावर फिरवला आणि मान हलवली. म्हणजे रोगाचं नाव ठरलं. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. गॅरेजच्या ऑफिसच्या दारात स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं. माझ्या मांडीवर विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं. त्या पानावर नेमकं लिहिलं होतं, की गाडी गावातून हळूहळू आणून, वर अर्धा तास उभ्यानं चालू ठेवून मग काढलेल्या प्लगवर भरवसा ठेवू नका.

मी ते वाक्य मनात दोनदा वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही.

परवा धुळ्याहून जळगावला येताना एसटीच्या खिडकीच्या गजाला कापसाचा एक पुंजका येऊन अडकला. पारोळ्याच्या पुढे आमच्या गाडीपुढं कापसाचा ट्रक होता, पोट सुटल्यासारखा दोन्ही बाजूंनी फुगलेला. त्याचं अंग रस्त्याकडच्या बाभळींना घासत होतं आणि प्रत्येक बाभूळ त्यातला थोडा थोडा कापूस काढून घेत होती. दिवाळी सरली की आमच्याकडचे रस्ते असे पांढरे होऊ लागतात. तारांवर कापूस, काट्यांवर कापूस, म्हशींच्या शिंगांवर कापूस. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या बाजूनं वारा आला तर अंगणात वाळत घातलेल्या काळ्या परकरावर बारीक पांढरी लव बसते आणि ती झटकून जात नाही, एकेक करून वेचावी लागते. मी तो पुंजका गजावरून काढला आणि उगाच बोटांत पिंजत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, “वाती करता का?” मी नुसती हसले. मला चार वर्षांपूर्वीचे तेच दिवस आठवत होते, आणि त्या दिवसांत मी केलेलं एक गप्प बसणं.

आमचं गॅरेज धुळ्याच्या देवपुरात, आग्रा रोडला लागून. मागं घर, पुढं गॅरेज, मधे कडुलिंब. घरात आई आणि गॅरेजात माझे वडील, म्हणजे आबा, अशी सरळ वाटणी होती आणि मी त्या कडुलिंबाएवढीच दोन्हीकडची. आईनं हट्टानं मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मराठी बोललं तर बाकावर उभं करत. घरी आईपुढं अहिराणी शब्द निघाला तर ती भुवई उंचवायची. आणि गॅरेजात तर अहिराणीशिवाय पान्हाही हलत नसे. अशा तीन भाषा कानात घेऊन वाढलेली मी एकाही भाषेत मोकळेपणी बोलत नव्हते. पाहुणे आले की आई म्हणायची, “ती जरा अबोल आहे.” ते इतक्या वेळा ऐकलं की मला तो माझा गुणच वाटू लागला. अबोल माणसाला कुणी काही विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायची जबाबदारी त्याच्यावर नसते, असं मी धरून चालले होते.

ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. ओल्या पाटीच्या रंगाची, बुटकी, रुंद, बॉनेटवर श्वास घ्यायला ठेवल्यासारखी एक खाच. नशिराबादच्या मधुकरशेठ नावाच्या केळीच्या व्यापाऱ्याची गाडी. त्यांचा धाकटा भाऊ सिंगापूरला नोकरीला होता, तो परत येताना ती बोटीनं घेऊन आला. जपानी, टर्बोची. खान्देशात तोवर टर्बो हा शब्द ट्रकच्या मागं रंगवलेला असायचा तेवढाच माहीत. केळीच्या वखारीत उभी असताना उंदरांनी तिची एक वायर कुरतडली होती. जळगावात कुणी हात लावेना, तेव्हा शेठ शंभर किलोमीटर गाडी चालवत आबांकडे आले. आबा इंजिनवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून सांगत, की कुठल्या व्हॉल्व्हचं काय दुखतंय. त्यांचं नाव त्या कानावर होतं.

वायर रघुभाऊंनी जोडली. रघुभाऊ आमच्याकडे चौदा वर्षं वायरिंगचं काम करत होते. सडपातळ, कानामागं पेन्सिल, खिशात बिडीऐवजी बडीशेप. त्यांचं सोल्डरिंग आबा गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवत, सुनेच्या हातची पोळी दाखवावी तसं. गाडी त्याच दिवशी गेली. आणि पंधरा दिवसांनी परत आली, खोकत.

हायवेला जोर दिला, टर्बोची शिट्टी सुरू झाली, की नेमकी त्याच क्षणी गाडी हिसके देई आणि इंजिनातून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येई. उभी असली तर ठीक, फक्त पेट्रोलचा वास. मधुकरशेठ म्हणाले, “तुमच्याकडे येण्याआधी वायर तुटलेली होती, पण गाडी धावत होती. आता वायर जोडलेली आहे आणि गाडी धावत नाही. आबा, तुम्हीच सांगा काय समजायचं.”

आबांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून त्यांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, “बेबी, जरा इकडं ये. इंग्रजी वाचायचंय.”

गाडीबरोबर दुरुस्तीचं पुस्तक आलं होतं, झेरॉक्स पानांचा बांधलेला गठ्ठा. मी वाचायचं आणि सांगायचं, एवढंच माझं काम. कॉलेज सकाळचं होतं, त्यामुळे दुपारी दोन ते पाच मी स्टुलावर. गिऱ्हाईक आलं की मुलगी बसलेली बघून आवाज खाली आणायचं आणि रघुभाऊ त्याला सांगायचे, “घाबरू नका, ती आमनी डॉक्टरीन शे.” मी मान आणखी खाली घालायची.

आज ती पानं आठवली की त्यांच्याबरोबर उन्हाचा वास येतो. धुळ्याची हिवाळी दुपार, अंगणात पऱ्हाट्यांची छोटी शेकोटी. कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या. त्यांच्या विस्तवात रघुभाऊ भरताची हिरवी वांगी खुपसून ठेवत आणि एक डोळा वांग्यांवर, एक डोळा गाडीवर. टर्बोचं पान मी असंच सांगितलं होतं, की इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतं, जास्त हवा आली की कॉम्प्युटर त्या मापानं जास्त पेट्रोल सोडतो, म्हणून एवढी ताकद. रघुभाऊंनी वांगं उलटं केलं आणि म्हणाले, “म्हंजे सोतानाच धूरवर पयस ही! आपला आमदारसारखी.” आपल्याच धुरावर पळणारी गाडी म्हटल्यावर आबा सुद्धा हसले.

मिश्रणाच्या प्रकरणाशी मी अडखळले. साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. पेट्रोल जास्त झालं तर त्याला रिच म्हणतात, हे गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कमी झालं तर ‘लीन’ हा जो शब्द होता त्याला मराठीत काय म्हणावं, मला पटकन सुचेना. मी म्हटलं, “लुकडं मिश्रण.” मग रघुभाऊ बसल्या जागी हसायला लागले. “लुकडं मिक्चर! आबा, मना घरमाबी तेच शे.” त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात तो शब्द रुळला. आजही तिथं कार्ब्युरेटर उघडताना कुणीतरी म्हणतं, लुकडं झालंय जरा, वाढवा. माझी भाषेला एवढीच भर.

प्लगचं ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही आबांनी “अजून काय म्हणतंय पुस्तक?” असं विचारलं तेव्हा. पुस्तक म्हणत होतं, की गाडी पूर्ण जोरात असतानाच इंजिन बंद करा, तशीच घरंगळत थांबवा आणि तिथंच प्लग काढा. म्हणून आम्ही पारोळा रोडला गेलो. आबा चालवायला, शेजारी रघुभाऊ प्लगपाना घेऊन, मागं मी आणि पुस्तक. दोन्हीकडे फुटलेल्या कापसाची शेतं, कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायका. आबांनी जोर दिला. शिट्टी आली, फुटाणे फुटले, आबांनी चावी फिरवली आणि एकदम इतकी शांतता झाली की शेतातल्या बायकांचं बोलणं ऐकू आलं. गाडी आपल्या आपण बरंच पुढं जाऊन एका बाभळीखाली थांबली. रघुभाऊंनी गरम प्लग फडक्यात धरून काढला.

पांढरा होता. खडूसारखा.

उभी असताना काळा आणि पळताना पांढरा. उभ्यानं पेट्रोल जास्त, पळताना कमी. आबा त्या पांढऱ्या प्लगकडे बघत राहिले. माझ्या लहानपणापासून मी त्यांना ‘माहीत नाही’ म्हणताना ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी ते म्हटलं नाही. फक्त येताना ते गाडी फार हळू चालवत होते.

मग दिव्याची युक्ती सापडली. पुस्तकात होतं, की बॉनेटखालच्या एका डबीतली दोन भोकं वायरच्या तुकड्यानं जोडली तर समोरचा एक पिवळा दिवा लुकलुकून सांगतो कुठं दुखतंय. रघुभाऊंनी वायर लावली. आम्ही तिघं खिडकीतून आत डोकावून मोजू लागलो. दोन वेळा लुक, मग थांबला, एक वेळा लुक. एकवीस. मी पान उलटलं. एकवीस म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, धुराच्या नळीत बसवलेला, धूर चाखून मिश्रण बरोबर आहे की नाही ते कॉम्प्युटरला कळवणारा. आणि त्याच्याच वायरला रघुभाऊंचा सांधा होता.

रघुभाऊंनी स्वतःहून सांधा उघडला, मीटर लावला, पुन्हा लावला. सांधा ठीक होता. त्यांनी मीटर आबांपुढं धरला. “देखी ल्या, आबा.” पुस्तकाच्या त्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं, की शिसं घातलेलं पेट्रोल वापरलं तर हा सेन्सर मरतो. आमच्याकडच्या प्रत्येक पंपावर तेव्हा तेच पेट्रोल होतं. हे मी वाचून दाखवलं. आबांनी ऐकलं. पण मधुकरशेठांना फोनवर सांगताना ते एवढंच म्हणाले, “तुमच्या त्या वायरच्या जागीच निघालं.”

नवा सेन्सर मुंबईहून यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत कडुलिंबाखाली झाकून ठेवलेल्या त्या गाडीवर रोज सकाळी कापसाची लव बसायची आणि रघुभाऊ ती पुसायचे, सांगितलेलं नसताना. वांगी भाजणं बंद झालं. शनिवारी सेन्सर आला, बसवला. दिवा लुकलुकायचा थांबला. आम्ही पुन्हा पारोळा रोडला गेलो आणि पुन्हा फुटाणे फुटले.

आता फक्त कॉम्प्युटर उरला होता. सीटखालची ती पत्र्याची पेटी, जिच्यात काय आहे हे आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. जळगावच्या कुणीतरी शेठना सांगितलं, की सोल्डरिंग करताना करंट आत गेला असणार, पेटी जळाली. ही गोष्ट फोनवरून आबांपर्यंत आली, आबांकडून पानटपरीपर्यंत आणि सोमवारपर्यंत आग्रा रोडवरच्या सगळ्या गॅरेजांना कळलं, की रघुनाथनं परदेशी गाडीचा कॉम्प्युटर जाळला. वायरिंगच्या माणसाला असं नाव पडलं की त्याला दुसऱ्या दारात कुणी उभं करत नाही.

त्याच सोमवारी दुपारी आबा सामान आणायला बाजारात गेले होते आणि रघुभाऊ घरी जेवायला. मी पुस्तकात जे प्रकरण कुणी वाचायला सांगितलं नव्हतं ते वाचत होते. हवेचं प्रकरण. मी तेव्हा फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि खरं सांगायचं तर ते प्रकरण मला आवडलं म्हणूनच वाचत होते. हवा आत जाते त्या नळीत केसाएवढी बारीक तार असते. ती सतत तापलेली ठेवतात. हवा वाहिली की तार गार होते. तिला पुन्हा तेवढीच तापवायला किती वीज लागली, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की हवा किती आली. किती साधं, किती सुंदर, असं मला वाटलं. पुढं लिहिलं होतं, की तारेवर घाण बसली तर ती तोडल्यासारखी बंद पडत नाही, नुसती चुकीचं सांगते. उभ्यानं हवा आहे त्याहून जास्त सांगेल, जोरात कमी. दिवा लुकलुकणार नाही. कारण दिवा तुटलेलं ओळखतो, खोटं सांगणारं ओळखत नाही.

काळा प्लग. पांढरा प्लग. मी उठले, ऑफिसातली बॅटरी घेतली, फिल्टरच्या पेटीची चिमट्यांची कडी उघडली आणि नळीत उजेड टाकला. तार दिसली. तिच्यावर तपकिरी तेल होतं आणि तेलावर कापूस. अगदी थोडा, पण नीट गुंडाळून बसलेला, थंडीत कान बांधून बसावं तसा. एवढं पांघरूण घेतलेल्या तारेला वारा कसा कळणार?

आणि मग मी ते तेल ओळखलं.

कापसाचा हंगाम सुरू झाला, की आबा गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा हवेचा फिल्टर काढून त्याला तेलाचा हात फिरवायचे. सांगितलेलं नसायचं, बिलात लावायचे नाहीत. हवेतली लव तेलाला चिकटते आणि इंजिनात जात नाही, असा त्यामागचा हिशेब. ट्रॅक्टर, जीप, जुन्या मोटारी, सगळ्यांना ते मानवत आलेलं होतं, कारण त्यांच्या फिल्टरमागं ते तेल ओढून घेणारी तार नव्हती. आजोबांची बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची जी रीत, तिचंच हे पुढचं रूप. आबांच्या मते गाडीला असं तेल लावून देणं म्हणजे पाहुण्याच्या हातावर निघताना गूळ ठेवणं. गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशी रघुभाऊ वायर जोडत होते आणि आबा पलीकडे उभे राहून शेठशी गप्पा मारत फिल्टरवरून हात फिरवत होते. मी ते घराच्या पायरीवरून पाहिलेलं होतं. पाहिलेलं होतं, पण माझ्याही ध्यानात राहिलं नाही. सांधा सगळ्यांना आठवत होता कारण तो नवा होता. तेल कुणालाच आठवलं नाही, कारण ते दरवर्षीचं होतं. माणूस रोज जे प्रेमानं करतो ते आपण केलं हे त्याला सांगता येत नाही, आणि बघणाऱ्यालाही नाही.

मी पेटी बंद केली. चिमट्याची कडी नीट बसवली. हात धुतले.

मंगळवारी आबांनी विचारलं. हे मला लिहायला जड जातंय, पण त्यांनी विचारलं होतं. स्टुलाशेजारून जाता जाता थांबून म्हणाले, “हवेबद्दल काही लिहिलंय का गं त्यात?” आता अबोलपणाची सबब उरली नव्हती. मी पुस्तकाकडे बघून म्हटलं, “विशेष नाही.”

का म्हटलं? गेल्या चार वर्षांत मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत. आबांचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. मुलीनं बापाला त्याच्याच गॅरेजात शिकवायचं नसतं. मी कोण, नुसती वाचणारी. ही सगळी खरी आहेत. पण एक आणखी आहे. गप्प राहणं मला येत होतं, आणि जे येतं तेच माणूस अडचणीत करतो. रघुभाऊ त्या दुपारी समोरच बसून एका जुन्या हॉर्नची वायर सोलत होते. माझं “विशेष नाही” त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून, धीर दिल्यासारखं म्हणाले, “ऱ्हाऊ दे माय. तुना काय दोस?”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. तार आबांनीच साफ केली, डॉक्टरकडून आणलेल्या सिरिंजनं लांबून स्पिरिट उडवून, कारण पुस्तक सांगत होतं की तिला बोट लावू नका. तासभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कोरडा कागदी फिल्टर बसवला. पारोळा रोडवर शिट्टी सुरू झाली आणि चढत गेली, आणि फुटाण्यांचा आवाज आला नाही. नुसती शेतं मागं पळत राहिली. आबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टूल ऑफिसच्या दारातून उचलून त्यांनी गाडीशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाले, “इथं बस. लांबून ऐकू येत नाही.” पानटपरीवर ते स्वतः गेले आणि चार माणसांत सांगून आले, “चूक माझी होती.” मला हे रघुभाऊंनी सांगितलं. ते अजून आमच्याकडेच आहेत. मागच्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा त्यांचं भरीत तयार होतं, कांद्याची पात घालून, पत्रावळीवर, आणि एक नवी मोटार अंगणात उभी होती. आबा फिल्टर हातात धरून रघुभाऊंना विचारत होते, “हिनामा तार शे का रे?” आणि उत्तर येईपर्यंत तेलाचा डबा बंद.

हे सगळं चांगलं झालं. तरी कापसाचा पुंजका दिसला की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती गुरुवारची सकाळ, यातलं काहीच अजून झालेलं नसताना.

थंडी होती. कडुलिंबाखाली ऊन नुकतंच उतरलं होतं. मधुकरशेठ जीप आणि जाड दोर घेऊन आले होते, गाडी ओढून मुंबईला नेण्याच्या तयारीनं. ते रागावले नव्हते, उलट फार सभ्यपणे बोलत होते, आणि आबांना तेच लागत होतं. “तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आबा. पण असा माणूस ठेवू नका. आज माझी गाडी, उद्या दुसऱ्याची.”

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “बदलतो मी माणूस.”

रघुभाऊ तिथंच होते, चार हातांवर. त्यांनी ते ऐकलं. भिंतीवरच्या खिळ्याची आपली पिशवी काढली. सोल्डरिंगचा इस्त्रीसारखा गरम होणारा तो दांडा त्यांचा स्वतःचा होता, तो फडक्यात गुंडाळला. टेस्टरचा दिवा, दोन पकडी, कानामागची पेन्सिल सुद्धा काढून पिशवीत टाकली. दोर बांधणारा माणूस गाडीखाली वाकला होता. रघुभाऊ आबांसमोर येऊन उभे राहिले आणि अगदी हळू, जणू कामाचं काही विचारावं तसं म्हणाले, “घरमा काय सांगू, आबा?”

आबांनी मान फिरवली. मान फिरवताना त्यांची नजर माझ्यावर आली आणि मला दिसलं, की त्यांचाही या निकालावर विश्वास नाही, पण त्यांच्याकडे दुसरं काही नाही. ते माझ्याकडे होतं. सोमवारपासून माझ्याकडे होतं.

मी उठले तेव्हा स्टूल पडलं. त्या आवाजानं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेठनी, दोर बांधणाऱ्यानं, मागच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या आईनं. इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे बघण्याची मला आयुष्यभर भीती वाटत आलेली. आवाज निघाला तो माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला.

“आबा, रघुभाऊंना थांबवा. हवेच्या तारेला तेल लागलंय, फिल्टरचं, आणि फिल्टरला हात तुम्ही फिरवला होता. मला सोमवारपासून माहीत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.”